दर मिनिटाला एक ओ

कर्वेनगर, पुणे
८ सप्टेंबर २०२५

प्रिय मुक्ता,

तुझा पत्ता शेफालीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिला घरी बोलावलं, गरम कोथिंबीरवडी वाढली आणि मगच मागितला. ‘मॅडम, ईमेल करा ना, पत्र कोण पाठवतं आता?’ म्हणाली. तिला काय सांगणार, की चार वर्षं माझी एकही ईमेल तुझ्यापर्यंत पोहोचत नाही आणि फोन लावला की एकदाच वाजून तुटतो? पोस्टात चौकशीला गेले तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘फिनलंड? तिथलं इंटरनेट बंद पडलंय का?’ मी म्हटलं, ‘नाही हो, माझं बंद पाडलंय.’ त्यांनी मान वर केली नाही. ‘बारा-तेरा दिवस लागतात. घाई असेल तर पत्र लिहू नका.’

घाई नाही. बातमी चांगली आहे.

तुला मी आमच्या कॉन्व्हेंटबद्दल सांगत असे, आठवतं? शनिवारचा शेवटचा तास पत्रलेखनाचा. सिस्टर बेनिग्ना बाकांमधून फिरायच्या. पत्ता उजव्या कोपऱ्यात, खाली तारीख, डावीकडे दोन बोटं समास. ‘समास सोडा, मुलींनो. उद्या काही आठवलं तर लिहायला जागा हवी.’ बघ, आजही सोडला आहे.

तर बातमी अशी, की तुझा प्रबंध खरा होतोय. विक्रम तुला आठवत असेल, तुझ्या दोन वर्षं पुढे होता. त्याची आता खराडीत कंपनी आहे. आपल्या विभागाबरोबर करार करून तो तुझी पद्धत जशीच्या तशी वापरतोय. योजनेचं नाव ‘सोबत’. शहराबाहेरच्या गावांतली दोनशे बारा म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा, आणि खराडीला एका मोठ्या पडद्यावर दोनशे बारा हिरवे चौकोन. कुणाची नाडी बिघडली की चौकोन लाल होणार आणि रुग्णवाहिका निघणार. गावं कुठली ते अजून ठरायचं आहे. फलकावर तुझं नाव सगळ्यात वर आहे, माझं खाली.

मला तो पहिल्या वर्षीचा दिवस आठवला. तू खडू घेऊन फळ्याशी उभी होतीस, ओढणी खडूनं पांढरी. घरोघरचे पट्टे सतत आकडे पाठवत राहिले तर क्लाउडवर, म्हणजे दूरच्या त्या हजारो संगणकांवर, गर्दी होणार. त्यावर आपल्या क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षं डोकं फोडत होते. आणि तू म्हणालीस, ‘मॅडम, नाडीत बराच फरक पडला तरच पट्ट्यानं कळवायचं. काही आलं नाही, तर फरक नाही असं धरायचं.’ त्रेसष्ट टक्के गर्दी कमी! मी त्या दिवशी घरी जाऊन एकटीनं शिरा केला होता.

विक्रमला तुझा एक फोटो हवा आहे. मी ३१ ऑक्टोबरला निवृत्त होते, त्याआधी उद्घाटन व्हावं अशी सगळ्यांची इच्छा.

तुझ्या मनात काही शंका असेल तर लिही. नसेल तर नाही लिहिलंस तरी चालेल. काही आलं नाही, तर सगळं ठीक आहे असं मी समजेन.

तुझी,
विजयमाला मॅडम


कर्वेनगर, पुणे
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय मुक्ता,

काल घटस्थापनेच्या दिवशी कामानिमित्त लोणी काळभोरला गेले होते. हायवेच्या बाजूला सगळीकडे खोदून ठेवलंय, हडपसरपासून दीड तास लागला. काम लवकर आटोपलं, म्हणून तुमच्या घरी डोकावले. तुझे वडील ओट्यावर शेवग्याच्या शेंगा जुळवत बसले होते. मला बघून उठले, टोपी नीट केली.

‘या बाई. मुक्तीच्या बाई आल्यात गं, च्या टाक!’

तुझ्या वहिनीनं चहा आणला. इतका गोड, की पहिल्या घोटाला मला तू आठवलीस. प्रयोगशाळेत आल्यावर पहिल्या दिवशी तू कॅन्टीनच्या चहात तीन चमचे साखर घातलीस आणि शेफाली म्हणाली, ‘अगं, ऊस लावतेस की काय त्यात?’

दत्तोबा ठणठणीत आहेत. एकाहत्तर पूर्ण झाली म्हणाले. गुडघा कुरकुरतो, पण मोटार बिघडली की अजून स्वतः विहिरीत उतरतात. मी घाबरून म्हटलं, ‘या वयात? कुणाला तरी सांगा की.’

‘सांगून कोन येतंय बाई? वायरमन येतो आठ दिसांनी. तवर शेंगा वाळत्यात.’

तू मला त्या विहिरीची पद्धत सांगितली होतीस. माणूस लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरला, की वर काठावर कुणीतरी उभं राहायचंच. तुझी आई असायची. हातातलं काम चालू ठेवून ती थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची, ‘हाय का?’ आणि खालून आवाज यायचा, ‘हाय!’ काम कितीही नाजूक असो, खालच्यानं ओ द्यायचीच. ओ आली नाही तर विचार करत बसायचं नाही, धावायचं. लहानपणी तू आईशेजारी बसून त्या ओ मोजायचीस.

मी विचारलं, ‘मग आता वर कोण उभं राहतं?’

तर हसले. ‘आता कुनाचं काय काम न्हाई वर.’

का ते मी विचारलं नाही. चहा संपवला. निघताना पिशवीभर शेंगा दिल्या. वहिनी म्हणाली, ‘दिवाळीला मुक्ताताईला व्हिडिओ कॉल लावणारेत मामंजी. काहीतरी दाखवायचंय त्यांना.’ त्यांनी तिला डोळ्यांनी दटावलं.

शेंगांची आमटी केली. चांगली झाली, पण सगळी संपवता आली नाही.

तुझी,
विजयमाला मॅडम


कर्वेनगर, पुणे
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय मुक्ता,

तुझी ईमेल आली. चार वर्षांनी एक ओळ. ‘मॅडम, सहाव्या प्रकरणाची शेवटची तीन पानं कुठे आहेत?’

ती माझ्याकडे आहेत. लेखनाच्या टेबलाच्या खालच्या खणात, शाळेतल्या सुलेखनाच्या वह्यांखाली. फेकली नाहीत. तुला फसवायचं असतं तर फेकली असती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

आज सगळं लिहिते. शेफाली समोर बसली होती. म्हणाली, ‘मी आत्ता तिला फोन लावून देते, माझा उचलते ती.’ मी म्हटलं, नको, पत्रात नीट सांगता येतं.

आपल्या प्रयोगात खरी माणसं नव्हतीच. तिसऱ्या मजल्यावरच्या एका संगणकात आपण दहा हजार म्हातारे, त्यांची घरं, त्यांचे पट्टे आणि त्यांना क्लाउडशी जोडणाऱ्या तारा मांडल्या होत्या. सगळे असंच करतात, खरी यंत्रणा उभी करायला कोण देतं आपल्याला? त्या आभासी तारा कधी तुटत नव्हत्या. ‘दुवा तुटण्याची शक्यता’ या रकान्यात आधीपासून शून्य होतं. आपण दोघींनी तीन वर्षं त्या शून्याकडे पाहिलं नाही. मग तू पाहिलंस. प्रबंध बांधायला जायच्या आठ दिवस आधी.

तू तीन पानं लिहिलीस. दुवा तुटला तर पट्ट्याकडून काही येणार नाही, आणि आपली पद्धत त्याचा अर्थ ‘फरक नाही’ असा लावेल. माणूस मेला तरी पडद्यावर शेवटचा आकडा हिरवा राहील. उपायही तूच दिला होतास, त्या विहिरीवरून. दर मिनिटाला पट्ट्यानं नुसतं ‘हाय’ म्हणायचं. नाही म्हणाला की लाल. मी हिशेब करून पाहिला. त्या एका ‘हाय’नं आपली त्रेसष्ट टक्क्यांची बचत नऊवर येत होती. नऊ टक्क्यांचा प्रबंध कुणी छापला नसता. मी लाल शाईनं समासात लिहिलं, ‘काढावे.’

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, ‘याला काही मर्यादा?’ तू माझ्याकडे पाहिलंस. उत्तर मी दिलं, ठसठशीत इंग्रजीत, की तशी काही नाही. त्या संध्याकाळी मी दिलेली इरकल तू शेफालीच्या हाती परत पाठवलीस.

आता दोन गोष्टी, ज्या मी मागच्या पत्रांत लिहिल्या नाहीत.

पहिली. गावं ठरली होती. त्यातलं पहिलं लोणी काळभोर आहे. मी तिथे उद्घाटनालाच गेले होते.

दुसरी. उद्घाटनाच्या आठवडाभर आधी लोणीत पट्टे वाटले, तेव्हा कुणी घालायला तयार नव्हतं. पहिला पट्टा दत्तोबांनी घातला. गावाला म्हणाले, ‘आमच्या मुक्तीचं हाय ते. तुमची पोरगी न्हाई, माझी हाय, म्हनून मी आधी.’ मग बाकीच्यांनी हात पुढे केले. माझ्यासमोर त्यांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. ‘बाई, लेकीनं मनगट धरल्यावानी वाटतं बगा.’ दिवाळीला तुला दाखवायचं आहे ते हेच. विहिरीच्या काठावर आता कुणी उभं का राहत नाही, ते तुला कळलं असेल.

परवा सोजरबाई गेल्या. तुमच्या घरामागे राहायच्या त्या. सून भाजी विकायला गेली होती, चार वाजता परतली तर त्या मोरीजवळ पडलेल्या. गाव म्हणालं, वय झालं होतं. मी खराडीला जाऊन नोंदी पाहिल्या. सकाळी अकरा दहाला हायवेच्या खोदकामात केबल तुटली. एकतीस घरांचे आकडे त्या क्षणी जागच्या जागी थांबले, आणि चारपर्यंत एकही हलला नाही. सोजरबाईंचा अठ्ठ्याहत्तर. हिरवा. पडद्यासमोर बसलेल्या मुलीला मी विचारलं, काही वेगळं वाटलं का? ‘नाही मॅडम, शांत होता दिवस.’

मी काय करायचं ते ठरवते आहे.

विजयमाला


कर्वेनगर, पुणे
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय मुक्ता,

मी विक्रमशी बोलले. तो खुर्चीवरून उठलासुद्धा, नमस्कार केला, आणि मग म्हणाला, ‘मॅडम, पेपर तुमचा. थेसिस तुमच्या हाताखालची. त्यात लिहिलंय का कुठे असं होतं म्हणून? आम्ही तुमच्याच भरवशावर उतरलो ना? आता महिन्याभरात म्हणताय, बेसिकमध्ये लोचा आहे?’ मग जरा मऊ झाला. ‘दिवाळीनंतर बघतो. सगळी टीम सुट्टीवर चाललीय. चिल मॅडम, डॅशबोर्ड ग्रीन आहे.’

उत्तरेश्वर सरांकडे गेले. विभागप्रमुख म्हणून त्यांना कळायला हवं. त्यांनी पंखा कमी करायला उठून परत बसेपर्यंत विचार केला.

‘मॅडम, एकतीस तारखेला तुमचा निरोप समारंभ. शाल आणली आहे. त्यानंतर घरी बसून काय शंका काढायच्या त्या काढा, वेळच वेळ आहे.’

‘सर, एक बाई गेल्या.’

‘वय किती होतं?’ ते लगेच पुढे म्हणाले, ‘आणि त्या मुलीचा विचार केलात का? पेपर मागे घेतला तर तिच्या डॉक्टरेटची चौकशी लागेल. तिकडची नोकरी जाईल. तुमची लाडकी ना ती?’

मी हे मनाशी धरून घरी आले. तुझ्या भल्यासाठी गप्प राहायचं, हे किती सोपं वाटलं म्हणून सांगू. जिना चढतानाच मला कळलं, की तेव्हाही मी हेच म्हणाले होते. तुझ्या भल्यासाठी काढते आहे.

मग मी काय केलं? विक्रमकडून पडदा घरी बघायची परवानगी मिळवली. माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा असतो, दोनशे अकरा चौकोन. सोजरबाईंचा पट्टा परत आणून त्यावरून शेवटचं रीडिंग पाठवलं, तेव्हा त्यांचा चौकोन निघाला. तुझ्या वडिलांचा वरून तिसरा. सकाळी सातला ते शेतात जातात, पट्ट्याचे आकडे पुढे पाठवणारी डबी घरात असते, पट्टा तिच्या टप्प्याबाहेर जातो आणि आकडा थांबतो. दुपारी जेवायला आले की पुन्हा हलतो. पहिल्या दिवशी माझा जीव वर-खाली झाला. आता सवय झाली आहे. मी त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे, मुक्ता. एवढं तरी करते आहे.

त्यांना फोन करून ‘पट्ट्यावर विसंबू नका’ एवढंच सांगायचं. सहा शब्दसुद्धा लागत नाहीत. परवा नंबर लावला. वाजला. त्यांनी उचलला, ‘हां बाई, बोला!’ इतक्या आनंदानं म्हणाले, की मी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि ठेवला.

शाळेच्या चॅपलमध्ये एक लाकडी खोका होता. ख्रिस्ती मुली आत जाऊन जाळीपलीकडच्या फादरना चुका सांगायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. आम्हा हिंदू मुलींना त्यांचा हेवा वाटायचा. आता वाटतं, मी तुला ही पत्रं त्या खोक्यात बसल्यासारखीच लिहिते आहे. सांगून टाकते, हलकी होते, आणि पलीकडे काहीच होत नाही.

दिवाळीनंतर नक्की.

विजयमाला


कर्वेनगर, पुणे
२२ ऑक्टोबर २०२५, पाडवा

मुक्ताई,

तू आत्ता विमानात असशील. हे पत्र टपालात टाकत नाही. शेफाली तुला आणायला विमानतळावर येणार आहे, तिच्या हाती देते. गाडीत वाच, लोणीला पोहोचायच्या आधी. तुझ्या घरातल्या कुणाला यातलं काही माहीत नाही, आणि ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

काल लक्ष्मीपूजन. सकाळी सातला आकडा एकाहत्तरवर थांबला, रोजच्यासारखा. मी दाराशी रांगोळी काढली, अनरसे तळले. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी टेबल पुसताना पाहिलं. एकाहत्तर. जेवायची वेळ टळली होती. मी घरी फोन लावला.

वहिनी म्हणाली, ‘मोटार बंद पडली म्हनून गेलेत विहिरीकडं. येतील की. पट्टा हाय त्यांच्या हातात.’

मी ओरडले. तिला काय म्हणाले ते आठवत नाही. ती फोन हातात घेऊनच पळाली. तिच्या बांगड्या, तिचा श्वास, वाळलेल्या पानांवरची पावलं, सगळं मला ऐकू येत होतं. मग ती थांबली आणि हाक मारली, ‘मामंजी! हाय का?’

परत, ‘हाय का?’

तिसऱ्यांदा तिनं ‘हाय का’ म्हटलं नाही. नुसतीच किंचाळली.

लोखंडी पायरी निखळली होती. डॉक्टर मला म्हणाले, पडल्यावर तासभर तरी ते जिवंत होते, शुद्धीतही असावेत. म्हणजे त्यांनी ओ दिली असणार, मुक्ताई. कुणी हाक मारली नसताना.

तिसरं पत्र, ज्यात मी सगळं सांगितलं, ते तुला काल मिळालं. शेफालीनं सांगितलं, तू पाकीट फोडून वाचत असतानाच तिचा फोन आला. बारा दिवस लागतात हे पोस्टातल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्यासमोर बसून शेफाली फोन लावून देत होती. मी टपाल का निवडलं, ते मला आता कळतं आणि तुलाही कळेल. मला सांगायचं होतं, पण ते तुझ्यापर्यंत पोहोचायला नको होतं. निदान एकतीस तारखेपर्यंत.

काल संध्याकाळी शेफाली आणि मी दोघींनी उरलेल्या दोनशे दहा घरांना फोन केले. पट्टे काढा, माणसाकडे माणूस बघू दे. काही जण म्हणाले, आज लक्ष्मीपूजन आहे हो, उद्या काढतो. मी म्हटलं, आत्ता, मी फोन धरून थांबते. रात्री दहाला शेवटचा झाला. ते काम महिन्यापूर्वी एका संध्याकाळचं होतं.

तुझी तीन पानं आज विद्यापीठाला, विक्रमला आणि उत्तरेश्वर सरांना पाठवली. त्यावरची तारीख तुझी आहे आणि ‘काढावे’ हे अक्षर माझं. गोल, सुवाच्य, सिस्टर बेनिग्नांनी घोटवून घेतलेलं. कुणाला संशय येणार नाही. चौकशी माझी होईल, तुझी होऊ देणार नाही. मूळ पानं या पाकिटात आहेत. ती तुझी आहेत.

मी अंत्यविधीला येणार नाही. रस्त्यापलीकडे उभी राहीन, तू नको म्हणालीस तर तिथेही नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, की काही आलं नाही तर सगळं ठीक आहे असं समजेन. ते वाक्य मी मागे घेते. तुझ्याकडून काही आलं नाही, तर काही ठीक नाही एवढंच मी समजेन, आणि ते बरोबरच असेल.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण आता तुझ्यासमोरून काही काढून टाकायचं नाही. पट्टा त्यांच्या हातातून सुटून विहिरीच्या तळाशी गेला, सापडला नाही. माझ्या टेबलावर लॅपटॉप अजून उघडा आहे. वरून तिसरा चौकोन हिरवा आहे. एकाहत्तर. मघाशी मी विक्रमला फोन केला, म्हटलं, निदान तेवढा तरी बंद कर रे, त्यांची मुलगी येतेय. त्याचा आवाज रडवेला होता.

‘मॅडम, करून बघितलं. नवीन रीडिंग आल्याशिवाय सिस्टिम तो बदलत नाही.’

विजयमाला